पैसे नव्हे, माणसे मोजा

यवतमाळ जिल्ह्यात कापसाच्या भावासाठी, वनहक्काच्या दाव्यांसाठी किंवा पीकविम्याच्या रकमेसाठी सभा झाली आणि ती आटोपून माणसे पांगू लागली, की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "आपलाच एक पक्ष का काढू नये?" या प्रश्नामागे निराशा असते, तशी उमेदही असते. प्रस्थापित पक्षांनी तिकिटे वाटून घेतली, सत्ता वाटून घेतली, आणि ज्यांच्या नावाने हे सारे झाले त्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या, पोडावरच्या कोलामाच्या पदरात काही पडले नाही, असा प्रश्नकर्त्याचा अनुभव असतो. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी बायकोमुलांसह आपले जीवन संपवले. त्यानंतर राज्यात सर्व रंगांची सरकारे येऊन गेली. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबल्या नाहीत. तेव्हा सध्याचे पक्ष पुरेसे नाहीत असे कोणाला वाटले, तर त्याला उतावळा ठरवण्याचा अधिकार कोणालाही नाही.

अशा कार्यकर्त्याला "पक्ष काढणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे" एवढेच ऐकवून परत पाठवणे आम्हांला योग्य वाटत नाही. कायदा काय मागतो हे त्याला नीट सांगितले पाहिजे. त्याचबरोबर, कायदा जे मागतो ते मागण्यात त्याचे काय चुकते आहे, हेही सांगितले पाहिजे. कारण आमच्या मते या कायद्याचे मोजमापच चुकले आहे. जेथे त्याने माणसे मोजायला हवीत तेथे तो पैसे मोजतो, आणि जेथे माणसे मोजतो तेथे ती इतकी थोडी मोजतो की त्या मोजणीला अर्थ उरत नाही.

प्रथम कायदा पाहू. संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला दिले आहे. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. निवडणूकही अपक्ष म्हणून लढवता येते. परंतु कायद्याच्या दृष्टीने 'राजकीय पक्ष' म्हणवून घ्यायचे असेल, तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम २९-अ अन्वये निवडणूक आयोगाकडे नोंदणी करावी लागते. हे कलम मूळ कायद्यात नव्हते. तोपर्यंत पक्षांची नोंदणी आयोगाच्या १९६८ च्या चिन्हविषयक आदेशानुसार होत असे. कलम २९-अ अमलात आले ते १५ जून १९८९ रोजी.

या कलमानुसार पक्ष स्थापन झाल्यापासून तीस दिवसांच्या आत आयोगाकडे अर्ज पोहोचला पाहिजे. अर्जात पक्षाचे नाव, मुख्य कार्यालय, पदाधिकारी, सभासदसंख्या, स्थानिक शाखा यांची माहिती हवी. सोबत पक्षाची घटना हवी. तीत राज्यघटनेवर, तसेच समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा बाळगण्याचे आणि देशाचे सार्वभौमत्व, एकता व अखंडता राखण्याचे स्पष्ट वचन हवे. आयोगाच्या नियमांप्रमाणे किमान शंभर सभासद नोंदणीकृत मतदार असले पाहिजेत. त्या शंभरांपैकी प्रत्येकाने आपण मतदार आहोत आणि दुसऱ्या कोणत्याही नोंदणीकृत पक्षाचे सभासद नाही, असे शपथपत्र करून द्यावे लागते; मतदारयादीतील त्यांच्या नावांचे उतारेही जोडावे लागतात. दहा हजार रुपयांचे शुल्क भरावे लागते. मग पक्षाच्या नियोजित नावाची सूचना दोन राष्ट्रीय आणि दोन स्थानिक दैनिकांत प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. या जाहिरातींचा खर्च अर्जदारानेच सोसायचा असतो. हे सारे झाल्यावर आयोग निर्णय देतो, आणि कायद्याप्रमाणे तो अंतिम असतो.

वरवर पाहता या अटी जाचक नाहीत. पण त्यात काय मागितलेले नाही तेही पाहावे. शंभर माणसे कोठली असावीत, याबद्दल कायदा काहीच म्हणत नाही. ती सोळा तालुक्यांतून आलेली असोत की एकाच कारखान्याच्या हजेरीपटावरची असोत, कायद्याला दोन्ही सारखीच. एखाद्या धनिकाला आपल्या गोतावळ्यातून आणि नोकरचाकरांतून शंभर शपथपत्रे एका दुपारी गोळा करता येतात. शुल्क आणि जाहिराती म्हणजे तर त्याच्या दृष्टीने किरकोळ बाब. उलट, घाटंजी किंवा झरी जामणीच्या शेतमजुरांच्या संघटनेपाशी शंभरच काय, हजार माणसे असतात. नसतात ते जाहिरातीचे पैसे आणि नोटरीपुढे शंभर वेळा उभे राहण्यासाठी बुडवावी लागणारी शंभर जणांची मजुरी. जिच्यापाशी जे विपुल आहे ते कायदा थोडे मागतो. जे मुळीच नाही ते मात्र अगोदर मागतो.

या देशात पक्ष नेहमीच अशा रीतीने जन्माला येत होते असे नाही. १९२० नंतर गांधीजींनी काँग्रेसची जी नवी बांधणी केली, तिचा पाया चार आण्यांच्या सभासदत्वाचा होता. चार आणे ही रक्कम मुद्दामच अशी ठेवलेली होती की मजुराला ती देता यावी आणि देताना आपण काही दिले असे वाटावे. त्या चार आण्यांची पावती हे पक्षाचे खरे नोंदणीपत्र होते. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदला जंगल सत्याग्रह सुरू केला, तेव्हा त्या चळवळीचे बळ सरकारी जंगलात गवत कापायला निघालेल्या माणसांच्या संख्येवर मोजले गेले.

याच बापूजींनी पुढे १९३४ साली, जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसच्या धोरणाशी मतभेद झाल्यावर, पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासह काँग्रेस नॅशनॅलिस्ट पार्टी काढली. त्याच वर्षी, नाशिकच्या तुरुंगात झालेल्या चर्चांतून, काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९३६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि काही महिन्यांतच १९३७ च्या निवडणुकीत मुंबई विधानसभेत त्याचा ठसा उमटवला. या तिन्ही पक्षांची मते भिन्न, भवितव्येही भिन्न. परंतु आपण पक्ष आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्यांच्यापैकी कोणालाही कसल्या कार्यालयाचा शिक्का लागला नाही. तो काळ मर्यादित मताधिकाराचा होता आणि त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. प्रौढ मताधिकार आल्यावर कोट्यवधी निरक्षर मतदारांसाठी चिन्हे आली, चिन्हांसाठी नियम आले, नियमांसाठी नोंदणी आली. हे अपरिहार्यच होते. प्रश्न एवढाच, की या वाटेवर चार आण्यांची पावती कोठे गळून पडली?

नियमांची अडचण काय असते, हे समाजवादी चळवळीने स्वतः अनुभवले आहे. जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका अचानक जाहीर झाल्या. नेते नुकतेच तुरुंगातून बाहेर पडत होते. आणि जनता पक्ष उभा राहिला तेव्हा त्याला स्वतःचे चिन्ह नव्हते. ती ऐतिहासिक निवडणूक पक्षाने बहुतेक ठिकाणी भारतीय लोकदलाच्या चक्रातील नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर लढवली. पक्षाची औपचारिक स्थापना झाली १ मे १९७७ रोजी, म्हणजे देशाचे सरकार हाती आल्यानंतर! लोकांनी कागदपत्रांची वाट पाहिली नाही. पण त्या वेळी उसने घेण्यासाठी एक चिन्ह तरी हाताशी होते. राळेगावच्या किंवा आर्णीच्या नव्या संघटनेला आपले चिन्ह उसने देणारा कोण?

आता त्या शपथेविषयी. आपल्या देशात नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. सार्वजनिक उद्योग मोडीत काढणारे, जमिनी कवडीमोलाने उद्योगपतींच्या हवाली करणारे पक्षही कायद्याच्या कागदावर समाजवादीच आहेत. 'समाजवादी' हा शब्द राज्यघटनेच्या उद्देशिकेत आला तो १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, आणि तो तेथे लिहिला जात असताना मधु लिमये आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारखे समाजवादी तुरुंगात होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उद्देशिकेतील हा शब्द काढून टाकण्याची मागणी फेटाळली, याचे आम्ही स्वागत करतो. उद्देशिका हा राष्ट्राचा संकल्प आहे. परंतु नोंदणीच्या अर्जातली शपथ ही निराळी गोष्ट आहे. १९९६ साली महाराष्ट्रातील स्वतंत्र पक्षाच्या मंडळींनी ही शपथ घेण्याचे नाकारले आणि मुंबई उच्च न्यायालयात तिला आव्हान दिले. त्यांचे अर्थकारण आम्हांला मान्य नाही. तरीही, ज्या तत्त्वावर आपला विश्वास नाही त्याची खोटी शपथ घेण्यापेक्षा न्यायालयाची पायरी चढणे त्यांनी पसंत केले, या प्रामाणिकपणाला आम्ही दाद देतो. समाजवादाचा खरा अपमान त्याचा उघड विरोध करणाऱ्यांकडून होत नाही; दहा हजार रुपयांच्या शुल्कासोबत ही शपथ जोडून तिला विसरून जाणाऱ्यांकडून होतो. येथेही मोजमापाचा दोष तोच आहे. कृती तपासण्याऐवजी कायदा कागद तपासतो.

नोंदणी झाली म्हणजे पक्ष उभा राहिला असे मात्र नाही. खरी चढण त्यानंतर लागते. नोंदणीकृत पक्ष आणि मान्यताप्राप्त पक्ष यांत मोठे अंतर आहे. मान्यताप्राप्त पक्षाला राखीव चिन्ह मिळते, मतदारयाद्या विनामूल्य मिळतात, आकाशवाणी आणि दूरदर्शनवर वेळ मिळतो. त्याच्या उमेदवाराला एकच सूचक पुरतो. केवळ नोंदणीकृत असलेल्या पक्षाच्या उमेदवाराला, अपक्षाप्रमाणेच, मतदारसंघातील दहा मतदार सूचक म्हणून आणावे लागतात. त्याच्या पक्षाला सर्व उमेदवारांसाठी एक समान चिन्ह हवे असेल, तर आयोगाकडे निराळा अर्ज करावा लागतो आणि विधानसभेच्या निवडणुकीत राज्यातील किमान पाच टक्के जागा लढवण्याची हमी द्यावी लागते.

हा हिशेब यवतमाळला लावून पाहू. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा आहेत. त्यांचे पाच टक्के म्हणजे पंधरा जागा. यवतमाळ जिल्ह्यात विधानसभेचे मतदारसंघ सात : वणी, राळेगाव, यवतमाळ, दिग्रस, आर्णी, पुसद आणि उमरखेड. म्हणजे एखाद्या पक्षाने या जिल्ह्यातील प्रत्येक जागा लढवली, तरी त्याच्या सात उमेदवारांना एक चिन्ह मिळण्याची हमी नाही. वणीत एक चिन्ह, पुसदला दुसरे, उमरखेडला तिसरे. प्रचारपत्रक एक छापायचे तर त्यावर कोणते चित्र काढावे?

पुढचा हिशेब याहून बोलका आहे. राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळवण्याचे जे मार्ग आहेत, त्यांत विधानसभेच्या तीन टक्के जागा जिंकणे हा एक मार्ग आहे. महाराष्ट्रात त्यासाठी नऊ जागा लागतात. दुसरा मार्ग दोन जागा आणि राज्यातील सहा टक्के मते यांचा. तिसरा केवळ आठ टक्के मतांचा. यवतमाळच्या सातही मतदारसंघांतील एकूण एक मतदाराने एकाच पक्षाला मत दिले, असे क्षणभर गृहीत धरा. तरी विधानसभेच्या त्या निकालावर त्या पक्षाला मान्यता मिळणार नाही. जागा सातच होतील आणि मते राज्याच्या तुलनेत अडीच टक्क्यांच्या आसपास राहतील. लोकसभेकडे वळावे, तर हा जिल्हा तीन मतदारसंघांत विभागलेला आहे. वणी आणि आर्णी चंद्रपूरला जोडलेले, उमरखेड हिंगोलीला, उरलेले चार यवतमाळ-वाशिमला. थोडक्यात, एका जिल्ह्याचा एकमुखी कौल मिळवणारा पक्षही आजच्या नियमांत 'अमान्य' राहतो.

यात अनामत रकमेची भर घाला. १९५१ च्या कायद्यात लोकसभेसाठी ५०० आणि विधानसभेसाठी २५० रुपये अनामत होती. १९९६ साली ती १०,००० आणि ५,००० झाली. २०१० पासून ती २५,००० आणि १०,००० आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ती जप्त होते. राळेगाव आणि आर्णी अनुसूचित जमातींसाठी, उमरखेड अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तेव्हा सात जागांची अनामत सुमारे पंचावन्न हजार होते. समान चिन्हासाठी पंधरा जागा लढवायच्या, तर हा आकडा लाखाच्या पलीकडे जातो. विधानसभेच्या उमेदवाराकडून कायदा दहा हजार रुपये मागतो आणि दहा सूचक मागतो. एका माणसामागे हजार रुपये, असा हा भाव आहे. अडीच लाखांहून अधिक मतदार असलेल्या मतदारसंघात दहा माणसांचा पाठिंबा म्हणजे काहीच नव्हे. आणि शेतमजुराच्या घरात दहा हजार रुपये म्हणजे फार मोठी गोष्ट आहे.

या भिंतीला ज्यांनी धडक दिली त्यांत मोठी माणसेही होती. यवतमाळचे जांबुवंतराव धोटे १९७१ साली फॉरवर्ड ब्लॉकतर्फे नागपुरातून लोकसभेवर गेले. २००२ साली त्यांनीच विदर्भ जनता काँग्रेस हा नवा पक्ष काढला. त्याला फारसे यश आले नाही. बापूजी अण्यांचे नातू श्रीहरी अणे यांनी २०१६ मध्ये विदर्भ राज्य आघाडी उभी केली; तिलाही विधानसभेचे दार उघडता आले नाही. या अपयशाचे सारे खापर कायद्यावर फोडणे अप्रामाणिकपणाचे होईल. माणसे किती जोडली आणि संघटना कितपत बांधली, हा प्रश्न त्यांनाही लागू आहे. २०१९ साली यवतमाळला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन ज्या शेतकरी स्त्रीच्या हस्ते झाले, जिच्या पतीने आत्महत्या केली होती, तीच काही महिन्यांनी प्रहार जनशक्ती पक्षातर्फे लोकसभेला उभी राहिली. ती हरली. पण एका छोट्या नोंदणीकृत पक्षाने अशा स्त्रीला उमेदवारी दिली, हे विसरता येत नाही. छोट्या पक्षांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना आमचे हे उत्तर आहे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नोंदणी सोपी आहे म्हणून तिचा गैरवापर होतो, हे निर्विवाद आहे. २०२५ च्या मध्यास देशात सहा राष्ट्रीय आणि ६७ राज्यस्तरीय मान्यताप्राप्त पक्ष होते. नोंदणीकृत परंतु अमान्य पक्ष होते २,८५४. यांतील कित्येकांनी वर्षानुवर्षे एकही निवडणूक लढवलेली नाही. राजकीय पक्षांना आयकरातून मिळणारी सूट, देणगीदारांना मिळणारी वजावट, यांच्या आडोशाने काही 'पक्ष' निव्वळ पैसा फिरवण्यासाठी काढले गेले, असा संशय आयकर खात्यानेही घेतला आहे. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नोंदणी फसवणुकीने मिळवली असणे यासारखे मोजके अपवाद सोडल्यास आयोगाला पक्षाची नोंदणी रद्द करण्याचा अधिकार नाही. त्यानंतर आयोगाने यादीतून नावे वगळण्याचा मार्ग धरला. ऑगस्ट २०२५ मध्ये ३३४ आणि सप्टेंबरमध्ये ४७४ पक्ष यादीतून गेले. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवणे, ही त्यासाठीची कसोटी होती. जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांसाठी राज्य निवडणूक आयोगाकडे वेगळी नोंदणी लागते. तेथेही २०१६ साली हिशेब न देणाऱ्या शंभरावर पक्षांची नोंदणी रद्द झाली.

कागदी पक्षांची ही साफसफाई आम्हांला मान्य आहे. तिची कसोटी मात्र अपुरी वाटते. ज्याच्यापाशी पैसा आहे तो बोगस पक्ष दर पाच वर्षांनी एखादा उमेदवार उभा करील, अनामत गमावील आणि यादीत सुखाने राहील. आणि ज्याच्यापाशी पैसा नाही, पण चारशे सभासदांचे वार्षिक संमेलन नियमाने भरते, असा खरा पक्ष अनामतीअभावी एखादी निवडणूक चुकवील आणि यादीबाहेर जाईल. सहा वर्षांत किती निवडणुका लढवल्या याऐवजी सहा वर्षांत किती सभासद टिकले, असे विचारले असते, तर खरे आणि खोटे आपोआप वेगळे झाले असते.

इतर देशांचा अनुभव येथे उपयोगी आहे. जर्मनीत संसदेबाहेरच्या पक्षाला मतदारसंघात उमेदवार उभा करायचा असेल, तर त्या मतदारसंघातील दोनशे मतदारांच्या सह्या आणाव्या लागतात. प्रांताच्या यादीसाठी कमाल दोन हजार. मतदारसंघ साधारण दोन लाख मतदारांचा. अनामत रक्कम मात्र नाही. कॅनडात पक्षनोंदणीसाठी अडीचशे मतदार सभासद लागतात. तेथे पूर्वी किमान पन्नास उमेदवार उभे करण्याची अट होती. २००३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. लहान पक्षाला मत देणाऱ्या नागरिकाचा लोकशाहीतील सहभागही तितकाच मोलाचा आहे, या विचारावर तो निकाल आधारलेला होता. आपली पंधरा जागांची अट या निकालाच्या उजेडात तपासून पाहावी. अमेरिकेच्या अनेक राज्यांत नव्या पक्षाला हजारो सह्यांचा अर्ज द्यावा लागतो. पण तेथे पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्यांचा एक धंदाच उभा राहिला आहे. तो धोका आपणही ओळखून असले पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली : नोंदणीसाठी शुल्काची आणि वृत्तपत्रीय जाहिरातींची अट काढून टाकावी. तिच्या जागी एक हजार मतदारांची घोषणापत्रे मागावीत. ती जिल्ह्यातील किमान निम्म्या तालुक्यांतून आलेली असावीत, आणि तहसील कार्यालयात ती विनामूल्य करून देण्याची सोय असावी. नावाची सूचना आयोगाने स्वखर्चाने प्रसिद्ध करावी. दुसरी : जो उमेदवार आपल्या विधानसभा मतदारसंघातील पाचशे मतदारांच्या सह्या आणील, त्याला अनामत माफ असावी. तिसरी : जो पक्ष एका जिल्ह्यातील सर्व जागा लढवील, त्याला त्या जिल्ह्यापुरते समान चिन्ह मिळावे.

यावर आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा, की सह्या खोट्या होतील. आज शंभर शपथपत्रे खोटी होत नाहीत काय? हजारातील पन्नास नावे चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि त्या माणसांना प्रत्यक्ष भेटून विचारावे; खोट्याला पकडण्यास एवढे पुरते. गावोगाव मतदान केंद्रस्तरीय अधिकारी आहेतच. सह्या गोळा करणाऱ्याला मोबदला देणे हा गुन्हा ठरवावा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आमच्याच बाजूच्या माणसांकडून येईल. ज्या गावात सावकार, कृषिकेंद्राचा मालक आणि सरपंच एकाच घरात आहेत, तेथे नव्या पक्षाच्या अर्जावर उघड सही करणाऱ्या मजुराचे काय होईल? उद्या त्याला काम मिळेल काय, बियाणे उधार मिळेल काय? ही भीती खरी आहे. म्हणून सह्यांची यादी जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे मोहोरबंद राहावी, आणि घोषणापत्रातील मजकूर "मी या पक्षाला मत देईन" असा नसून "या पक्षाला लोकांपुढे येण्याची संधी मिळावी" एवढाच असावा. मतदान गुप्त असते ते ज्या कारणासाठी, त्याच कारणासाठी ही यादीही गुप्त असली पाहिजे. अंगठ्याला सहीइतकेच मोल असावे, हे वेगळे सांगायला नको.

कायदा बदलेपर्यंत काय करावे? नवा पक्ष काढू पाहणाऱ्यांना आमचे सांगणे असे, की कायदा आजच बदलला आहे असे समजून कामाला लागा. शंभर शपथपत्रे मागितली आहेत म्हणून शंभरावर थांबू नका. सोळा तालुक्यांपैकी आठ तालुक्यांत हिंडा, प्रत्येक पोडावर, तांड्यावर, वस्तीवर जा आणि वर्गणीची पावती फाडा. ती दहा रुपयांची असली तरी चालेल. फुकट मात्र नको. वर्षाकाठी सभासदांपुढे उभे राहून जमाखर्च वाचून दाखवा. हजार माणसे जमली नाहीत, तर पक्षाची वेळ अजून आलेली नाही असे समजा आणि संघटनेचे काम चालू ठेवा. जमली, तर दिल्लीच्या शिक्क्याला उशीर झाला तरी तुमचा पक्ष झालेला असेल.

हे सांगताना आमचा सूर उपदेशाचा वाटू नये. नवे पक्ष काढण्याची कला आम्हां समाजवाद्यांना जरा जास्तच अवगत होती. १९५२ साली एकत्र आलो, १९५५ साली फुटलो, १९६४ साली पुन्हा एक झालो, १९६५ साली पुन्हा दोन झालो, १९७१ साली परत जुळलो आणि १९७७ साली एका मोठ्या पक्षात विलीन झालो. वटवृक्ष आणि झोपडी या चिन्हांवर मते मागत फिरलेले जुने कार्यकर्ते हा इतिहास हसत सांगत असत, पण त्या हसण्यात दुःख होते. प्रत्येक वेळी ठराव उत्तम होता आणि घटना निर्दोष होती. गावातला सभासद मात्र विचारत राहिला, की आपण आता कोणत्या पक्षात आहोत? त्याला विचारून हे निर्णय झाले असते, तर कदाचित इतके झालेच नसते.

म्हणून सभा संपल्यावर "आपलाच पक्ष का काढू नये?" असे विचारणाऱ्या यवतमाळच्या कार्यकर्त्याला आमचे उत्तर असे : जरूर काढावा, तो तुमचा हक्क आहे. अर्जाचा नमुना आम्ही मिळवून देऊ, कलमे समजावून सांगू. पण त्याआधी एक कोरी वही घ्या आणि उद्या सकाळी शेजारच्या गावापासून सुरुवात करा. त्या वहीत किती नावे येतात ते आम्हांलाही कळवा. ती आमच्याच पक्षाची असावीत असा आमचा आग्रह नाही.